अखाजीचे कोरे पत्ते

ती अखाजी २०२२ सालची. साल विसरायचं कारणच नाही, कारण त्याआधीच्या दोन अखाज्या करोनाने गिळल्या होत्या. लेकी माहेरी आल्या नव्हत्या, निंबाच्या फांद्यांना झोके बांधले गेले नव्हते, आणि घागरीवर ठेवलेलं डांगर, म्हणजे खरबूज, घरातल्या घरात चार माणसांनी मुकाट कापून खाल्लं होतं. अक्षय तृतीया हे पंचांगातलं नाव. खानदेशात ती अखाजीच, आणि सासरी नांदणाऱ्या बाईला ती दिवाळीहून मोठी. त्या वर्षी दोंडाईच्याच्या बाजारात बांगड्या भरायला बायकांची अशी रीघ लागली की प्रमिलाबाई म्हणाल्या, दोन सालांची मनगटं एकदम भरायची म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं.

प्रमिलाबाईंचं गाव दोंडाईच्याला लागूनच. वय अडुसष्ट, तोंडात दात अजून सगळे, फक्त उजवा खांदा नऊ वर्षांपूर्वी आखडला तो आखडलाच. घरात त्या, त्यांचे यजमान रुपचंद, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मुलगा भूषण, सून दिपमाला आणि सात वर्षांची नात नूतन. थोरली लेक बेबाबाई जामनेरला दिलेली. ती आदल्या संध्याकाळीच जळगावहून सुरतेच्या गाडीने आली होती, सोबत जळगावच्या कॉलेजात शिकणारी तिची मुलगी पुनम. बेबाबाईचे यजमान अखाजीच्या संध्याकाळी जेवायला पोचणार होते. दोन वर्षांनी जावई उंबरठ्यावर येणार म्हणून घर नुसतं उकळत होतं.

या सगळ्या आनंदात एकच काटा होता, आणि तो प्रमिलाबाईंना ठाऊक होता. दिपमालाचं माहेर पिंपळनेरचं. लग्न होऊन आठ वर्षं झाली, पण अखाजीला ती एकदाही माहेरी गेली नव्हती. कारण काय, तर खापरावरचे मांडे. वस्त्रगाळ कणीक तार सुटेपर्यंत तिंबायची, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलत कोपरापर्यंत मोठी करायची, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायची. हे काम खांद्याचं. प्रमिलाबाईंचा खांदा गेल्यापासून घरात ते दिपमालालाच येत होतं. आमरस आणि मांडे नाहीत तर अखाजी कसली? म्हणून दर वर्षी प्रमिलाबाई म्हणायच्या, पुढल्या अखाजीला नक्की. आणि म्हणायच्या तेव्हा खरंच मनापासून म्हणायच्या.

त्या दिवशी सकाळीही पिंपळनेरहून दिपमालाच्या भावाचा, रोहिदासचा, फोन आला. झोका बांधलाय, माय वाट पाहतेय, संध्याकाळपुरती तरी ये. दिपमालाने फोन ठेवला आणि पुरण वाटता वाटता, मान वर न करता विचारलं,

"माय, मांडा आतेच करी ठेवात तं, मी सांजपुरती जाई येऊ का? सकाय परत येसू."

प्रमिलाबाई नाही म्हणाल्या नाहीत. नाही म्हणणं सोपं असतं, पुढच्याला रागावता तरी येतं. त्या म्हणाल्या, "जवाई येई ऱ्हायनात व. त्यासले गरम मांडा कोन वाढी? पुढली अखाजीले नक्की जाय."

दिपमाला बरं म्हणाली आणि पुन्हा वरवंट्याला लागली. तेवढ्यात बेबाबाई आंघोळ करून आली, पुरणाचं बोट चाखलं आणि म्हणाली, आमच्या वेळी मांडे असे पातळ व्हायचे की पलीकडून करणारीचं कोपर दिसायचं. दिपमालाने वरवंटा जरा जोरात ओढला.

दुपारी घागर पुजली, पितरांना पाणी दिलं, नैवेद्य झाला. आता संध्याकाळच्या जेवणापर्यंत बायकांना उसंत होती, म्हणजे दिपमाला सोडून बाकीच्या बायकांना. पुरुष केव्हाच निंबाखाली ताडपत्री अंथरून पत्ते खेळायला बसले होते. एरवी पत्त्याला हात लावला की बायको, आई, शेजारीण सगळ्या टोचून खातात. अखाजीला मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. गावातले सगळे पत्त्यांचे जोड त्या निंबाखाली जमा झाले होते. बायकांच्या वाट्याला एकही उरला नव्हता. शेजारची कोकिळा, म्हणजे प्रमिलाबाईंची चुलत जाऊ, मागायला गेली तर तिला सांगण्यात आलं की बायकांनी झोके घ्यावेत.

"उन्हात झोका घेऊन काय भाजून निघायचं का?" कोकिळा परत येऊन धुसफुसली.

तेव्हा पुनम म्हणाली, जोड नाही तर नाही, आपण आपले पत्ते करू. हॉस्टेलवर त्या मुली असाच खेळ खेळायच्या. कोऱ्या पत्त्यावर मनात येईल ते लिहायचं आणि गठ्ठ्यात घालायचं. आपली पाळी आली की वरचा पत्ता उचलायचा, मोठ्याने वाचायचा, आणि लिहिलंय ते करायचं. खेळता खेळता सुचेल तसे नवे पत्ते घालायचे. शिवाय प्रत्येकीने स्वतः केलेला एक पत्ता हातात राखून ठेवायचा. तो वाटेल तेव्हा टाकता येतो. हुकूम नाही, राजा नाही, राणी नाही.

कोकिळाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग हारस कोन?"

"कोणीच हरत नाही, काकू आजी."

"हारनं नही तं भांडन कसं व्हई?"

ते होईल आपोआप, असं पुनमने वचन दिलं. ते वचन खरं ठरलं.

कागदाचा प्रश्न लग्नपत्रिकांनी सोडवला. करोनात अडलेली सगळी लग्नं त्या एका हंगामात उरकली जात होती. दाराच्या खिळ्याला पत्रिकांचा हा गठ्ठा अडकवलेला. जाड, मागून कोऱ्या, पुढून सोनेरी गणपती. पुनमने कात्री घेऊन एकेकीचे चार तुकडे केले. छापलेली बाजू वर, लिहिलेली खाली, असा गठ्ठा लावला आणि म्हणाली, पिसला की कोणता पत्ता कुणाचा ते देवालाही कळणार नाही.

देवाचं माहीत नाही, पण प्रमिलाबाईंना कळत होतं. ही शिरपूरची पत्रिका, त्या लग्नात वरण खारट होतं. ही जांभळी शहाद्याची, नवरदेव घोड्यावरून उतरायलाच तयार नव्हता. तुकडा कोणत्या पत्रिकेचा, गणपतीची सोंड त्यावर आहे की पाय, आणि तो लिहायला कुणी उचलला, हे सगळं त्यांच्या डोक्यात आपसूक बसत गेलं.  पत्त्यांच्या खेळात आपल्याला काय दिसतं ते सांगायचं नसतं, एवढं त्यांना निंबाखाली न बसताही समजत होतं.

स्वतःसाठी त्यांनी हातात राखायला एक पत्ता केला: गाडी माघारी. तो टाकला की पाळी उलट फिरायची.

ओसरीवर गोल बसला. प्रमिलाबाई, त्यांच्या उजवीकडे कोकिळा, मग बेबाबाई, मग पुनम आणि तिच्या मांडीवर नूतन. पहिल्याच फेरीत बेबाबाईला नूतनचा पत्ता आला: गाईसारखं हंबरायचं. नवी पैठणी नेसलेली, गळ्यात पोत घातलेली बेबाबाई आधी लाजली, मग घसा साफ करून अशी हंबरली की गोठ्यातल्या खऱ्या गाईने उत्तर दिलं. कोकिळा हसता हसता आडवी झाली. पुनमने लिहिलं होतं, मोबाइल दुसऱ्याकडे द्यायचा; तो पत्ता फिरून तिच्याच हाती आला, आणि मोबाइल गेला नूतनच्या फ्रॉकच्या खिशात. कोकिळाला बेबाबाईचा आला: चहा डाव्या हाताने आणि डोळे मिटून. चहा निम्मा पोटात, निम्मा पोलक्यावर. आत पुरणाला चटका देत असलेली दिपमाला दर हशाला दारात येऊन बघून जात होती.

मग प्रमिलाबाईंची पाळी आली. पत्ता कोकिळाचा होता, शिरपूरच्या पत्रिकेचा, हे त्यांना उचलायच्या आधीच माहीत होतं, आणि कोकिळा आधीच तोंडाला पदर लावून हसत होती. लिहिलं होतं: उखाणा न घेता नवऱ्याला नावाने हाक मारायची, ओट्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

पन्नास वर्षांच्या संसारात प्रमिलाबाईंनी ते नाव कधी घेतलं नव्हतं. शिधापत्रिकेच्या कचेरीत विचारलं तर त्या भूषणकडे बोट दाखवायच्या. त्यांनी पदर नीट केला, पाणी प्यायल्या, पुन्हा पदर नीट केला. बेबाबाई टाळ्या वाजवायला लागली. शेवटी त्या ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि निंबाच्या दिशेने, देवीसमोर आरती म्हणावी तशा आवाजात त्यांनी हाक मारली,

"रुपचंऽद. ओ रुपचंऽद."

निंबाखालचे सगळे डाव थांबले. मग आबा धोतर सावरत पळत आले. हातात पत्ते तसेच, तेही तोंड बाहेरच्या बाजूला करून, त्यामुळे वाटेतल्या प्रत्येकाने त्यांचा डाव वाचला.

"कोनले काय व्हयनं?"

"काही नही," प्रमिलाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "पत्तामा लिखेल व्हतं."

आबांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले. मागून एकाने ओरडून सांगितलं की आबांचा डाव बुडाला. आबांना त्याचं काही वाटलं नाही. "पन्नास वरीस व्हई गयात, एकदाव नाव नही लिधं," ते म्हणाले. "आते पत्तानी सांगं तं लिधं."

ते वळणार, तेवढ्यात बेबाबाईला काय लहर आली कोण जाणे. ती म्हणाली, आज एकदा हाक मारून सुटका कशी? आज अखाजी आहे. "अखाजीले बोलेल शबद सालना ऱ्हास." आता आईने पुढल्या अखाजीपर्यंत आबांना नावानेच हाक मारायची.

पुनम म्हणाली, खेळ संपला की पत्ता संपतो, हॉस्टेलवर तसाच नियम आहे. कोकिळा म्हणाली, हॉस्टेल हॉस्टेलच्या जागी. त्याच सकाळी सगळ्यांनी पाहिलं होतं, आमश्या, घरचा वर्षाच्या बोलीवरचा सालदार, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावचा, त्याचं पुढचं साल ओट्यावरच ठरलं होतं. नारळ फोडला, आमश्याने शब्द दिला, आबांनी शब्द दिला. कागद नाही, सही नाही. पुढल्या अखाजीपर्यंत तो शब्द मोडायची ना आमश्याची छाती, ना आबांची. मग पत्त्यावरचा शब्द काय हलका?

निवाडा आबांवर आला. त्यांनी बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं की शब्द तो शब्द. एवढं बोलून ते निंबाकडे निघाले, पण चाल बदललेली होती. लग्नात रुखवत बघायला निघालेला नवरदेव चालतो, तशी.

त्या निवाड्यानंतर खेळाचा रंगच पालटला. आतापर्यंत हंबरणं आणि चहा सांडणं चाललं होतं. आता लिहिलेलं सालभर गळ्यात पडणार होतं. बायका पत्ते हाताच्या आडोशाने लिहू लागल्या. कोकिळाने काहीतरी लिहून असं तोंड केलं की जणू नाकासमोरच चालते आहे. दोन पाळ्यांनी तो पत्ता बेबाबाईच्या हाती आला: मिसरी बंद. बेबाबाई सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायची, त्याशिवाय तिचं पान हलायचं नाही. तिने एकदा कोकिळाकडे पाहिलं, एकदा आईकडे. पण नियम तिचाच. कंबरेची डबी काढून तिने पुनमच्या हातावर ठेवली.

तेवढ्यात दिपमाला दारात आली. हात पिठाने कोपरापर्यंत पांढरे.

"मालेबी एक पत्ता दे व पुनम."

पुनमला आनंदच झाला. दिपमालाने तिच्यापुढचे कोरे तुकडे चाळले आणि एक निवडून काढला. हिरवा, मोराच्या मानेचा. प्रमिलाबाईंनी ओळखला. ती पत्रिका पिंपळनेरची, दिपमालाच्या चुलतबहिणीच्या लग्नाची. गहू निघाला होता म्हणून त्या लग्नालाही तिला जाता आलं नव्हतं. चौकटीला कागद टेकवून तिने दोन ओळी लिहिल्या, पत्ता गठ्ठ्याच्या मधोमध खुपसला आणि आत गेली. चुलीत लाकूड सारल्याचा आवाज आला.

प्रमिलाबाईंचं खेळातलं लक्ष तिथेच उडालं. एवढ्या तुकड्यांतून तिने पिंपळनेरचाच का उचलला, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मला आज माहेरी जाऊ द्या, असं लिहिलं असणार. आणि शब्द सालाचा झाल्यावरच लिहिलं, म्हणजे विचार करून लिहिलं. आता तो पत्ता उचलणार कोण? बेबाबाईच्या हाती पडला तर ती तो मोठ्याने वाचणार, भुवई वर करणार आणि म्हणणार, अच्छा, आम्ही दोन वर्षांनी आलो तर वहिनीला आजच पळायची घाई. त्या एका वाक्याने पिंपळनेरची वाट कायमची बंद झाली असती. दिपमालाने पुन्हा कधी विचारलंच नसतं.

आणि आपल्या हाती पडला तर? प्रमिलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपल्या हाती पडला तर सुनेला सासूने पाठवलं नाही, पत्त्याने पाठवलं. जावयाला वाईट वाटायला नको, लेकीला बोलायला जागा नको. आठ वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं, ते पत्ता बोलणार होता.

प्रमिलाबाई गठ्ठ्याकडे टक लावून बसल्या. वरून एकेक पत्ता कमी होत होता, आणि हिरवी कड वर येत होती. पुनमने नाच केला, नूतनने पाढा म्हटला, प्रमिलाबाईंनी स्वतः पोलक्याला फुलं खोचली, कशाचंच त्यांना भान नव्हतं. कोकिळाने आपला पत्ता उचलला, आणि खाली मोराची मान उघडी पडली. आता पाळी बेबाबाईची. कोकिळा वाचेपर्यंत वेळ होता. तिला आलं होतं, तीन वेळा शिट्टी वाजवायची. ती ओठांचा चंबू करून नुसती फुंकर मारत होती आणि बेबाबाईचा हात गठ्ठ्याकडे निघाला होता.

प्रमिलाबाईंनी हातातला पत्ता धाडकन खाली टाकला. "गाडी माघारी."

बेबाबाईचा हात हवेतच राहिला. पाळी उलट फिरली आणि कोकिळाकडून प्रमिलाबाईंवर आली. त्यांनी हिरवा पत्ता उचलला. आत दिपमालाच्या हातातल्या पिठाचा थप-थप आवाज थांबला. प्रमिलाबाईंनी चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली,

"जिच्या हाती हा पत्ता येईल, तिने..."

पुढचं त्यांनी मनात वाचलं. मग पुन्हा वाचलं. पुनमने वाकून बघितलं आणि उरलेलं मोठ्याने वाचून टाकलं, "तिने खापरावरचे मांडे करायचे."

दिपमाला हातातला गोळा तसाच घेऊन दारात आली होती. तिने पत्ता लिहिला होता तो अक्कांसाठी, म्हणजे बेबाबाईसाठी. कोपर दिसणाऱ्या मांड्यांची गोष्ट सकाळी ऐकली होती ना, म्हणून. अक्कांनी चार मांडे टाकले असते तर कदाचित तेवढ्यात माहेरी जायचं पुन्हा विचारता आलं असतं. सासूचा आखडलेला खांदा तिच्या ध्यानीमनीही नव्हता.

"माय, खेय शे तो," ती घाईघाईने म्हणाली. "फाडी टाक. मी करस ना."

पण प्रमिलाबाई उठल्या होत्या. आपणच हात घालून ओढवून घेतलं, आता कुरकुर कुणापुढे करणार? पहिल्यांदा त्यांना स्वतःचंच हसू आलं. मग, उठता उठता, त्यांना त्या पत्त्याचा दुसरा अर्थ दिसला, आणि त्या जागीच थबकल्या. मांडे पुढल्या अखाजीपर्यंत त्यांचे. म्हणजे दिपमालाचे नाहीत.

त्यांनी पदर खोचला आणि चुलीपुढे जाऊन बसल्या. मागोमाग सगळं घर स्वयंपाकघराच्या दारात. खापर तापून लाल झालं होतं. त्यांनी गोळा घेतला, पुरण भरलं, पोळी हातावर घेतली. एक झेल, दोन झेल. बोटांना सगळं आठवत होतं. खांद्याला मात्र काहीच आठवत नव्हतं. तिसऱ्या झेलीला पोळी फाटली आणि अर्धी विस्तवात गेली. दिपमाला पुढे धावली. प्रमिलाबाईंनी डावा हात आडवा धरला.

"हात नको लाऊ. तू हात लावा तं मन्हा शबद मोडी. पुढली अखाजीलोंग हाई खापर मन्हं शे."

दुसरी पोळी त्यांनी दातओठ खाऊन झेलली. कोकिळा श्वास रोखून मोजत होती. नूतन ओरडत होती, आजी, आजी. पोळी मनगटावर आली, कोपराकडे सरकली, आणि वाकडीतिकडी, एका बाजूला कानासारखी लोंबत, पण अख्खीच्या अख्खी खापरावर पडली. दारात असा गलका झाला की निंबाखालचे पुरुष उठून उभे राहिले. प्रमिलाबाईंच्या कपाळावर घाम होता आणि उजवा हात खाली लोंबत होता, पण तोंडभर हसू होतं.

बेबाबाई हसत नव्हती. माहेरवाशिणीने अखाजीला चुलीला हात लावायचा नाही, हा तिने वीस वर्षं पाळलेला नेम. वहिनीला बोलवावं तर शब्द मोडतो, आणि शब्दाचा नियम तिनेच घातलेला. नेम पाळावा तर समोर आई एका खांद्याने मांडे टाकते आहे.  मग तिने पैठणीचा पदर कंबरेला गुंडाळला, बांगड्या वर सारल्या आणि आईशेजारी बसकण मारली.

"सरक, माय. पुरन तू भर, झेलस मी. पत्तामा कर असं लिखेल शे, एकली कर असं नही."

 बेबाबाईने पोळी झेलायला घेतली, आणि खरं सांगायचं तर तिच्या बढाईत फार खोट नव्हती. पाचव्या झेलीला पोळीतून तिचं कोपर दिसलं.

प्रमिलाबाईंनी मान वळवली. दिपमाला तशीच उभी होती, दोन्ही पिठाचे हात पुढे धरून, जणू ते आता कुठे ठेवायचे तेच तिला कळत नव्हतं.

"तू आठे काय करी ऱ्हायनी?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "आठे तुन्हं काही काम नही. जाय, लुगडं बदल. पिंपळनेरले जाय."

दिपमालाला ते खरं वाटेना. तिने बेबाबाईकडे पाहिलं. बेबाबाई मांडा उलटत होती. मान न वळवता ती म्हणाली, "जाय व वहिनी. मन्हा घरवाला मांडा मन्हाच हातना खास. त्याले चालस."

मग जी धांदल उडाली तिला तोड नाही. नूतनचा एक बूट सापडेना. तिच्या फ्रॉकच्या खिशातला आपला मोबाइल पुनमने तेवढा आठवणीने काढून घेतला. कोकिळाने पिशवीत सांजोऱ्या भरल्या, वर कुरडया भरल्या, वर डांगर ठेवायला निघाली तेव्हा पुनमने तिला आवरलं. दिपमालाने हात धुतले पण कोपरांवरचं पीठ तसंच राहिलं. पाटल्या घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. भूषण निंबाखाली ऐन डावात होता. त्याला बोलवायला गेलेली नूतन हात हलवत परत आली. आबा उठल्याशिवाय तो उठणार नव्हता.

प्रमिलाबाई पिठाच्या हातांनी ओट्यावर आल्या. या वेळी त्यांनी पदर सारखा केला नाही की पाणी मागितलं नाही.

"रुपचंद," त्यांनी हाक मारली, "भूषणले धाड. त्याले सासरले जानं शे. आते."

आबांनी डाव खाली ठेवला, भूषणच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि त्याच्या जागी स्वतः खेळायला बसले. भूषणने मोटारसायकल काढली, पुढे नूतन, मागे दिपमाला. वळणावर धूळ उडाली तेव्हा ऊन अजून चांगलं तापलेलं होतं. साक्रीच्या रस्त्याने गेलं तर झोक्यांच्या वेळेपर्यंत पोचतात, असं कोकिळा तीनदा म्हणाली.

पोचले. जामनेरचे जावई पाटावर बसले होते, बेबाबाई त्यांना तिसरा मांडा वाढत होती, आणि पुनमचा मोबाइल वाजला. पडद्यावर रोहिदास होता, मग रोहिदास बाजूला झाला आणि झोका दिसला. दिपमाला उभ्याने झोका घेत होती, केस सुटलेले, पदर हवेत. मागे तिची आई, सुगंधाबाई, तिला ढकलत होती आणि दर वेळी दोन पावलं मागे सरून पुन्हा पुढे येत होती. बायका गाणं म्हणत होत्या, पण मोबाइलमध्ये नुसती घरघर ऐकू येत होती. प्रमिलाबाईंनी मोबाइल हातात घेतला आणि ताटातला मांडा निवला तरी खाली ठेवला नाही.

त्यालाही आता काही वर्षं झाली. बेबाबाई त्या सालात चार वेळा माहेरी आली आणि चारही वेळा आईशेजारी खापरापुढे बसली. मिसरी सुटली ती सुटलीच. आता जामनेरला कोणी मिसरी लावताना दिसलं की ती भाषण देते आणि लोक तिला चुकवतात. पुनम शिकून नाशिकला नोकरीला लागली. कोकिळा मुलाकडे सुरतेला गेली, आणि तिथल्या इमारतीतल्या गुजराती बायकांना तिने हा खेळ शिकवला. त्यात आता हरणं आहे, असं ती फोनवर सांगते, तिनेच घातलं. आमश्याने पुढचं साल पुरं केलं आणि मग सालदारी सोडली. डोंगराकडच्या आपल्या शेतात तो आता ज्वारी आणि तूर घेतो. भूषणने ट्रॅक्टर घेतला. आबांच्या नावाचं साल पुरं झालं तेव्हा त्यांनी निंबाखाली सगळ्यांना सांगितलं की आता बायको पुन्हा अहो म्हणेल, पण तसं काही झालं नाही. नूतन आता मोठी झाली आहे आणि हंबरायला सांगितलं तर रागावते.

सुगंधाबाई त्यानंतर आणखी दोन अखाज्या जगल्या. दोन्ही अखाज्यांना दिपमाला पिंपळनेरला होती. त्या गेल्या त्यानंतरच्या अखाजीला तिने जायचं नाही असं ठरवलं होतं, पण रोहिदासच्या बायकोने, उषाने, स्वतः फोन करून तिला बोलावलं. ती अजूनही दर वर्षी जाते.

आणि प्रमिलाबाई. २०२५च्या अखाजीला त्या स्वतः माहेरी गेल्या, तीस वर्षांनी. आईवडील कधीचे गेलेले. शिंदखेड्याकडच्या त्या गावात आता धाकटा भाऊ प्रेमराज, त्याचेही केस पांढरे. येते एवढंच त्यांनी कळवलं होतं, कोणत्या गाडीने ते सांगायचं राहून गेलं. दुपारी एसटीतून उतरल्या तर प्रेमराज फाट्यावर छत्री धरून उभा. पहिल्या गाडीपासून उभा आहे, असं पानटपरीवाल्याने सांगितलं.